तेच भाषण, दुसऱ्यांदा

वर्गात अध्यक्ष नव्हते. प्रमुख पाहुणेही नव्हते. मागच्या बाकावर कागद-पेन घेऊन मी बसले होते आणि समोर त्याचेच ३८ वर्गमित्र. तरी त्या मुलानं 'सन्माननीय अध्यक्ष महोदय' अशीच सुरुवात केली आणि मग छताकडे बघत म्हणाला, 'सायकल हा मानवी संस्कृतीच्या वाटचालीतील एक महत्त्वाचा टप्पा आहे.' विषय त्यानं स्वतःच निवडला होता: सायकलचं पंक्चर कसं काढायचं. चार मिनिटांच्या भाषणात पंक्चर यायला तिसरं मिनिट उजाडलं. त्याआधी पर्यावरण येऊन गेलं, आरोग्य येऊन गेलं, इंधनाची टंचाई येऊन गेली. हातातला कागद इतका थरथरत होता की पहिल्या बाकावरची मुलगी भाषण सोडून त्या कागदाकडेच बघत बसली होती. 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' झालं, टाळ्या पडल्या, तो जवळजवळ पळतच जागेवर गेला आणि पुढचा रोल नंबर उठला.

एरवी गोष्ट इथंच संपते. 'आत्मविश्वास वाढवा, श्रोत्यांकडे बघा, दहापैकी सहा' असा शेरा पडतो. महिन्याभरानं तो मुलगा वेगळ्या विषयावर उभा राहतो आणि त्याच चुका नव्यानं करतो. सायकलचं भाषण मात्र कायमचं तसंच राहतं, बिघडलेलं.

महाविद्यालयात सार्वजनिक बोलणं सक्तीनं शिकवावं की ऐच्छिक ठेवावं, यावर वाद खूप होतात. मी सक्तीच्या बाजूची आहे. ऐच्छिक ठेवलं की ज्यांना आधीच बोलता येतं तेच येऊन बसतात, आणि ज्यांच्यासाठी विषय काढला ते दुसऱ्या कुठल्या तरी वर्गात लपतात. पण सक्ती झाली तरी माझी तक्रार संपत नाही. हा विषय आपण जसा घेतो त्यात शिकण्याची जागाच गाळलेली असते. सेमिस्टरला चार भाषणं: स्वतःची ओळख करून देणारं, माहिती देणारं, मन वळवणारं आणि आयत्या वेळी विषय देऊन केलेलं. प्रत्येक एकदाच. निबंधाचा कच्चा खर्डा आपण लाल शाई लावून परत देतो, प्रयोगशाळेत रीडिंग चुकलं तर पुन्हा घ्यायला लावतो, गाण्याच्या शिकवणीत एकच पलटा महिनाभर घासून घेतात. भाषण मात्र एकदा झालं की झालं. माझं म्हणणं एवढंच आहे: चारऐवजी दोनच भाषणं ठेवा, पण प्रत्येक दोनदा करायला लावा. आणि गुण द्यायचे ते पहिल्या वेळेपासून दुसऱ्या वेळेपर्यंत त्या मुलानं काय बदललं, याला.

'वक्ता दशसहस्रेषु' हे सुभाषित आपल्या डोक्यात फार घट्ट बसलंय. शंभरात एक शूर, हजारात एक पंडित, दहा हजारांत एक वक्ता. ३९ मुलांची एक तुकडी धरली तर अडीचशेहून जास्त तुकड्या शिकवाव्यात तेव्हा कुठं एक वक्ता हाती लागायचा. तेवढं आयुष्य कुठल्याच शिक्षकाला नसतं. पण हा अभ्यासक्रम त्या एकासाठी नाहीच. उरलेल्या ९,९९९ जणांसाठी आहे: पाळी संपताना रुग्णाची हकिगत पुढच्या नर्सला सांगणारी नर्स, बैठकीत 'हे काम या तारखेला होणार नाही' असं साहेबांच्या तोंडावर सांगायला लागणारा इंजिनिअर, लोकांच्या सभेत उठून पाण्याची तक्रार मांडणारा माणूस. यांना हशा-टाळ्या नको असतात, आपलं म्हणणं समोरच्यापर्यंत पोचायला हवं असतं. मराठीत 'वक्ता' आणि 'सभाधीट' हे दोन वेगळे शब्द आहेत ते उगाच नाहीत. वक्ता दहा हजारांत एक असेना का, सभाधीट सगळ्यांना होता यायला हवं. बोलणाऱ्याची अंबाडीही खपते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, ही म्हण आपण कौतुकानं ऐकवतो. मला त्यातल्या गहूवाल्याची जास्त काळजी वाटते.

दुसऱ्यांदा करण्याची कल्पना माझी नाही, फार जुनी आहे. डेमॉस्थेनिस म्हटलं की सगळ्यांना तोंडातले खडे आठवतात. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला हा अथेन्सचा प्रख्यात वक्ता, उच्चार सुधारावेत म्हणून तोंडात खडे धरून बोलायचा; बाहेर जायचा मोह होऊ नये म्हणून अर्धं डोकं भादरून तळघरात सराव करत बसायचा. प्लुटार्कनं लिहून ठेवलेल्या त्याच्या चरित्रात मला जास्त महत्त्वाची वाटते ती सॅटिरस नावाच्या नटाची गोष्ट. अथेन्सच्या नागरिकांच्या सभेत फजिती होऊन डेमॉस्थेनिस तोंड झाकून घरी चालला होता. सॅटिरस त्याच्या मागोमाग गेला, सगळं रडगाणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, युरिपिडीस नाहीतर सोफोक्लीसच्या नाटकातला एखादा उतारा म्हणून दाखव. त्यानं म्हटला. मग सॅटिरसनं तोच उतारा, त्या पात्राच्या स्वभावाला आणि मनःस्थितीला धरून म्हणून दाखवला. डेमॉस्थेनिसला तो निराळाच उतारा वाटला. शब्द तेच, माणूसही अजून तोच समोर उभा, आणि मधल्या पाच मिनिटांत त्याला कळलं की आपण कुठं चुकतोय. सॅटिरसनं दुसरा उतारा घेतला असता तर हे कळलंच नसतं. खड्यांची गोष्ट मुलांना हमखास सांगतात कारण तिच्यात जिद्द आहे. नटाची गोष्ट कुणी सांगत नाही कारण तिच्यात नुसती पद्धत आहे.

विषयांबद्दलची माझी कुरकुरही तितकीच जुनी आहे. रोममध्ये पहिल्या शतकात वक्तृत्वाच्या शाळा चालवणाऱ्या क्विंटिलियननं बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात तो चिडून लिहितो की शाळेतल्या सरावाच्या भाषणांत जादूगार, रोगराई, देववाण्या आणि शोकांतिकेतल्यापेक्षा क्रूर सावत्र आया असतात, आणि न्यायालयात गेल्यावर मुलांना यातलं काहीच भेटत नाही. आपल्याकडे सावत्र आईच्या जागी 'विज्ञान: शाप की वरदान' आलंय. त्या विषयावर बोलताना मुलाला स्वतःचं असं एकही वाक्य सुचत नाही, कारण त्याला त्यातलं काही हवंच नसतं. पंक्चरवाल्याचा विषय त्या मानानं शंभरपट बरा. त्यानं फक्त त्यावर शाप-वरदानाची कव्हरं चढवली होती.

आता भीती. माणसाला मरणापेक्षा भाषणाची भीती जास्त वाटते, हे वाक्य बोलण्याच्या प्रत्येक कार्यशाळेत पहिल्या दहा मिनिटांत येतंच. त्याचं मूळ अमेरिकेतल्या १९७३ च्या एका सर्वेक्षणात आहे. त्यात लोकांना एक यादी देऊन भीती वाटणाऱ्या कितीही गोष्टींवर खूण करायला सांगितली होती. ४१ टक्क्यांनी भाषणावर खूण केली, १९ टक्क्यांनी मृत्यूवर. म्हणजे जास्त लोकांना भीती वाटते एवढंच. जास्त भीती वाटते असं त्यातून निघत नाही. २०१२ मध्ये दोन संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हाच प्रश्न पुन्हा विचारला, आणि वर 'सगळ्यात मोठी भीती कुठली' हेही विचारलं. खुणा भाषणावर जास्त पडल्या, पण सगळ्यात मोठी भीती म्हणून मुलांनी मृत्यूच सांगितला. मुलांचं डोकं ठिकाणावर आहे.

भीतीबद्दल यापेक्षा कामाची माहिती एका प्रयोगशाळेतून मिळते. माणसावर खात्रीनं ताण आणायचा असेल तर काय करावं, असा प्रश्न संशोधकांना पडतो. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात १९९३ मध्ये त्याची एक कृती ठरवली गेली आणि ती आजही जगभर वापरतात. तयारीला थोडाच वेळ द्यायचा. मग परीक्षकांपुढे उभं करून पाच मिनिटं भाषण करायला लावायचं. त्यानंतर पाच मिनिटं १०२२ मधून १३-१३ वजा करत मोठ्यानं मोजायला लावायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. परीक्षकांनी चेहरा कोरा ठेवायचा. मान हलवायची नाही, हसायचं नाही. बहुतेकांच्या अंगात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सरसर चढतं. हे वाचून मी थोडी ओशाळले. वजाबाकी सोडली तर ही आपलीच तोंडी परीक्षा आहे. ताण निर्माण करायची सिद्ध झालेली कृती आपण शिकवायची पद्धत म्हणून वापरतोय, आणि वर शेरा देतोय, 'आत्मविश्वास वाढवा'.

त्याच प्रयोगशाळेतल्या मंडळींनी पुढं २० निरोगी पुरुषांना पाच दिवस रोज हेच करायला लावलं. निष्कर्ष १९९५ मध्ये छापून आले. १३ जणांचं कॉर्टिसॉल फक्त पहिल्या दिवशी चढलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं अंग शांत होतं. उरलेल्या सात जणांचं पाचही दिवस चढत राहिलं. प्रयोग छोटा आहे आणि त्यात बाई एकही नाही, तेव्हा त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण मला वर्गात जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं. निम्म्याहून जास्त मुलांना कुठल्याही भाषणबाजीच्या मंत्राची गरज नसते, फक्त दुसरी वेळ हवी असते. आणि काहींना नुसती दुसरी वेळ पुरत नाही. त्यांच्याकडे मी पुन्हा येते.

भीतीबद्दल आणखी एक, कारण ते सांगायला अर्धं मिनिट लागतं आणि उपयोग मोठा आहे. आपली धडधड समोरच्यांना स्पष्ट दिसतेय असं बोलणाऱ्याला वाटतं; खरं तर ती फार थोडी दिसते. सॅविट्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवलं की भाषणाआधी नुसतं हे समजावून सांगितलेल्या विद्यार्थ्यांची भाषणं चांगली झाली, त्यांच्या स्वतःच्या मते आणि ऐकणाऱ्यांच्या मतेही. थरथरणारा कागद मात्र दिसतो. तो टेबलावर ठेवावा.

दोन भाषणांच्या मध्ये काय व्हायचं, हा खरा प्रश्न. मी चिठ्ठ्या लिहून घेते. भाषण संपलं की प्रत्येक श्रोत्यानं एका ओळीत लिहायचं: हा काय सांगत होता? 'छान बोलला', 'आवाज कमी होता' असलं काही नाही. गुण नाहीत, सल्ला नाही. सगळ्या चिठ्ठ्या बोलणाऱ्याच्या हातात. पंक्चरवाल्याच्या चिठ्ठ्या त्यानं माझ्यासमोर बाकावर मांडल्या. 'सायकल वापरा.' 'प्रदूषण कमी करा.' 'सायकलचा इतिहास.' 'व्यायाम.' 'पेट्रोल वाचवा' अशा सात. ३८ पैकी पंक्चर हा शब्द चारच चिठ्ठ्यांवर होता. तो बराच वेळ त्यांची उलटसुलट चळत लावत राहिला आणि म्हणाला, 'मॅडम, पण मी पंक्चरबद्दल बोललो होतो.' मी काहीच बोलले नाही. मी जे दहा शेरे देऊ शकले असते ते सगळे त्या चार चिठ्ठ्यांनी देऊन टाकले होते.

पंधरा दिवसांनी तो परत उभा राहिला तेव्हा हातात कागद नव्हता. एका हातात ट्यूब आणि दुसऱ्या हातात पाण्याची बादली होती. अध्यक्ष महोदय गेले होते. 'ही ट्यूब कुठं फुटलीय ते दिसत नाही,' त्यानं सुरुवात केली, 'आत्ता दिसेल.' हवा भरलेली ट्यूब त्यानं थोडी थोडी करत पाण्यात फिरवली. कोपऱ्यातली मुलं उठून उभी राहिली. एका ठिकाणाहून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. त्यानं तिथं बोट दाबलं, ट्यूब पुसली, पेन्सिलीनं खूण केली, आणि मग सांगितलं की कानशीनं घासायचं का, सोल्यूशन लावून लगेच ठिगळ न चिकटवता ते जरा सुकू का द्यायचं. हात थरथरत होते की नाही मला आठवत नाही. मी बादलीकडे बघत होते.

आता हातवाऱ्यांबद्दल, कारण या विषयाच्या पुस्तकांत सर्वांत जाड धडा तोच असतो. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५, हे आकडे स्लाईडवर पाहिले नाहीत असा विद्यार्थी विरळा. ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून जुळवलेले आहेत, आणि त्या प्रयोगांत माणसं भाषण करत नव्हती. सुटे शब्द, ते उच्चारतानाचा सूर आणि चेहऱ्याचे फोटो यांवरून बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ऐकणाऱ्यांना ओळखायचं होतं. भावना किंवा आवडनिवड यांच्यापलीकडे हे समीकरण लागू नाही, हे खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलंय. शब्द खरोखर ७ टक्केच असते तर परभाषेतलं भाषण आपल्याला ९३ टक्के समजायला हवं होतं. हा धडा काढून टाकला तर निदान दोन तास मोकळे होतात.

'अं' मोजण्याचंही तसंच. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या क्लबांत एक सभासद बोलणाऱ्याचे 'अं' आणि 'म्हणजे' मोजत बसलेला असतो. गंमत म्हणून ठीक. क्लार्क आणि फॉक्स ट्री या भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी २००२ मध्ये मांडलं की असे उद्गार नुसता कचरा नसतात. 'थांबा, मी शब्द शोधतोय' असं ते ऐकणाऱ्याला सांगत असतात. एकही 'अं' नसलेलं भाषण ऐकताना मला तरी पाठांतराचा वास येतो. पण त्याच टोस्टमास्टर्सची एक गोष्ट घेण्यासारखी आहे: त्यांच्या सध्याच्या क्रमात अगदी पहिल्या पातळीवर, मिळालेला अभिप्राय वापरून पुन्हा भाषण करायचा एक प्रकल्प आहे. म्हणजे ज्यांना गुणपत्रिका द्यायची नाही त्यांना जे सुचलं, ते पदवी देणाऱ्यांना सुचलेलं नाही.

वेळ कुठून आणायचा, असं विचारतात. हिशेब सोपा आहे. ३९ मुलं, प्रत्येकी चार मिनिटं भाषण आणि चार मिनिटं चिठ्ठ्या-प्रश्न. ३१२ मिनिटं, म्हणजे तासाचे सहा वर्ग. चार भाषणं एकेकदा करा किंवा दोन भाषणं दोनदोनदा, वर्ग २४ च लागतात. जातं ते वैविध्य. अभ्यासक्रमाच्या पत्रकावर चार प्रकारांची नावं छान दिसतात हे मान्य, पण चार प्रकार एकेकदा चुकवण्यापेक्षा दोन प्रकार एकदा जमवणं मला पुष्कळ वाटतं.

दुसरी शंका जरा तिरकी असते: फरकाला गुण दिले तर चलाख मुलं पहिलं भाषण मुद्दाम पाडतील. पाडू देत की. ३८ वर्गमित्रांसमोर, ज्यांच्यात कुणीतरी खास व्यक्ती हमखास बसलेली असते, जाणूनबुजून फजिती करून घेणं किती अवघड आहे ते करून बघावं. मला आजवर असा एकही भेटला नाही. उलट अडचण येते ती आधीच चांगलं बोलणाऱ्यांची. त्यांना चिठ्ठ्या वाचवत नाहीत. स्पर्धांत ढाली मिळवलेल्या एका मुलीच्या चिठ्ठ्यांवर 'भारी बोलते' असं अकरा जणांनी लिहिलं होतं (नियम मोडून), आणि ती काय म्हणत होती ते तिघांना सांगता आलं. तिनं दुसऱ्यांदा कविता आणि शेर गाळले. भाषण निम्मं झालं.

हल्ली भाषण यंत्राकडून लिहूनही मिळतं, आणि पहिल्या भाषणांत ते ओळखू येतं: प्रत्येक परिच्छेदात तीन मुद्दे, आणि तिन्ही गुळगुळीत. मी ते पकडत बसत नाही. चिठ्ठ्या हातात आल्यावर आणि श्रोत्यांचे दोन प्रश्न अंगावर आल्यावर त्या मुलाला आपलं काय आणि उसनं काय ते आपोआप कळतं.

राहिले ते त्या प्रयोगातल्या सात जणांसारखे. ज्यांचं अंग पाचव्या दिवशीही तितकंच पेटतं, किंवा जे तोतरे बोलतात, किंवा ज्यांना घोळक्यासमोर उभं राहिलं की खरोखर दिसेनासं होतं. सक्तीची बाजू घेताना यांना विसरणं हा मला या विषयातला सगळ्यात मोठा निर्दयपणा वाटतो. त्यांना सूट देऊन घरी पाठवणं हा त्याच्या खालोखालचा. त्यांच्यासाठी पायऱ्या बारीक करता येतात: आधी तिघांसमोर, बसून, मग दहा जणांसमोर, वर्गासमोर शेवटी, आणि तेही जमलं तरच. अडखळणाऱ्यावर घड्याळ लावायचं नाही. गुण बदलाला असले की हे करताना कुणावर अन्यायही होत नाही, कारण तिघांपासून दहांपर्यंत जाणं हाही बदलच आहे. ओघवतेपणाला गुण असतील तर मात्र तोतरा मुलगा उभा राहायच्या आधीच नापास झालेला असतो.

आणि एक जुनी धास्ती: लोकांना बोलायला शिकवलं की बोलघेवडे पुढारी तयार होतात. प्लेटोनं वक्तृत्वाची तुलना स्वयंपाकाशी केली होती. वैद्य पथ्य सांगतो आणि आचारी जिभेला रुचेल ते वाढतो, लोक आचाऱ्याचंच ऐकतात. भीती खोटी नाही. पण वर्गात एक बोलतो तेव्हा ३८ जण ऐकत असतात, आणि आपण शिकवतो फक्त त्या एकाला. सेमिस्टरभरात प्रत्येकानं दीडशेच्या आसपास चिठ्ठ्या लिहिल्या, दर वेळी 'हा नेमकं काय सांगत होता' हे शोधत, तर टाळ्या घेणाऱ्या भाषणातला मोकळा डबा त्याला ऐकू यायला लागतो. शेवटच्या आठवड्यात एका चिठ्ठीवर मी वाचलं: 'तीनदा टाळ्या वाजवल्या. काय करायचं ते कळलं नाही.'

पंक्चरवाल्याच्या दुसऱ्या चिठ्ठ्याही आहेत माझ्याकडे. 'बुडबुडे येतील तिथं खूण करायची' असं बहुतेकांनी लिहिलंय. एकानं विचारलंय, 'दोन ठिकाणी फुटली असेल तर?' हा प्रश्न त्याला वर्गातही विचारला गेला होता, आणि त्यानं उत्तर न देता ट्यूब परत पाण्यात घातली होती.

सेमिस्टर संपल्यावर गुणांचा तक्ता भरून द्यायचा असतो. त्यात भाषणाची तारीख लिहायला एकच रकाना आहे. मी त्याच्या नावापुढं दोन तारखा लिहिल्या. तक्ता परत आला, वर पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'कृपया एकच तारीख.' मी पहिली खोडली.